मामांना चुकवणं म्हणजे निषेध नव्हे

पुण्यात ट्रॅफिक पोलिसांचा विषय निघाला की दोन बाजू ठरलेल्याच असतात. एक बाजू म्हणते, अमुक चौकात मामा उभे आहेत असं ग्रुपवर टाकणाऱ्यांवर सरळ गुन्हे दाखल करा, हे लोक नियम मोडणाऱ्यांना वाचवतात. दुसरी म्हणते, मामा वसुलीलाच उभे असतात, रस्त्यांची वाट लागलीय, सिग्नल चालत नाहीत, मग पावती चुकवणं हा आमचा हक्क आहे आणि खरं तर तोच आमचा निषेध आहे. मला दोन्ही पटत नाही, पण जास्त त्रास होतो तो दुसऱ्या बाजूचा, कारण तिचे बरेचसे मुद्दे खरे आहेत आणि त्या खऱ्या मुद्द्यांच्या जिवावर ती एक साफ चुकीचा निष्कर्ष काढते. पोलिसाला चुकवून निघून जाणं हा निषेध नाही, ती तडजोड आहे. आणि ज्या व्यवस्थेला आपण रोज शिव्या घालतो ती याच तडजोडीवर टिकून आहे.

आधी हे चुकवणं प्रत्यक्षात कसं असतं ते बघू, कारण वादात ते फार निरुपद्रवी वाटतं, म्हणजे एक गल्ली बदलली आणि झालं. कुठल्याही नाकाबंदीच्या शंभर मीटर अलीकडे संध्याकाळी दहा मिनिटं उभं राहा. बिनहेल्मेटचा माणूस सरळ, आपल्या बाजूने, नीट चाललेला असतो. लांबून पांढरा शर्ट दिसतो, तो कचकन ब्रेक मारतो, मागचे दोघं जेमतेम सावरतात, आणि हा जागच्या जागी गाडी वळवून समोरून येणाऱ्या गाड्यांच्या अंगावर निघतो, कडेकडेने, हॉर्न वाजवत. दोन मिनिटांपूर्वी तो फक्त स्वतःचं डोकं धोक्यात घालत होता, आता रस्ता ओलांडणाऱ्या आजींनाही घालतोय, ज्या बिचाऱ्या एकाच दिशेला बघून चालल्यात कारण रस्ता त्या दिशेने वाहतो. दुसरा प्रकार कोपरात हेल्मेट अडकवून फिरणाऱ्यांचा. चौक आला की चालत्या गाडीवर एका हाताने ते डोक्यावर चढवायचं, बक्कल लावायचं नाही, चौक गेला की परत कोपरात. हेल्मेट विकत घेतलंय, सोबत आहे, वजन सहन करतोय, फक्त डोकं वाचवायला वापरत नाही, पावती वाचवायला वापरतो. तिसरा प्रकार नंबर प्लेटचा. प्लेट वर वाकवायची, शेवटच्या आकड्यावर चिखल राहू द्यायचा, ४१४१ असा लिहायचा की तो ‘दादा’ वाचला जावा, नाहीतर सिग्नलला मागे बसलेल्याने शांतपणे हात मागे नेऊन प्लेटवर ठेवायचा. हीच गाडी उद्या कुणाला उडवून गेली तर त्या माणसाच्या घरच्यांना नंबर कुठून मिळणार, हा प्रश्न प्लेट वाकवताना कुणाच्या मनात येतो का?

देशात २०२२ साली रस्त्यावर १,६८,४९१ माणसं गेली. केंद्र सरकारच्या अहवालातला आकडा आहे. त्यातले ५०,०२९ हेल्मेट न घातलेले होते. हेल्मेटमुळे मृत्यूचा धोका साधारण ४२ टक्क्यांनी आणि डोक्याला इजा होण्याचा ६९ टक्क्यांनी कमी होतो, हे अनेक देशांतल्या अभ्यासांच्या एकत्रित आढाव्यातून पुढे आलंय. म्हणजे पावती हा विषय मुळात पाचशे-हजाराचा नाहीच. पण आपली सगळी चर्चा रुपयांचीच चालते आणि मग ‘वाचवले’ म्हणजे पैसे वाचवले असाच अर्थ उरतो.

आता समोरच्यांचे मुद्दे, आणि ते मी मनापासून मान्य करून घेतोय. पोलीस जिथे गर्दी तुंबलीय तिथे नसतात आणि उड्डाणपूल उतरल्यावर, वळणाच्या आड, झाडाखाली चारपाच जण घोळक्याने असतात, हे प्रत्येक पुणेकराने पाहिलंय. घोळक्याने उभे राहू नका, आधी वाहतूक नियमन करा, असे आदेश पुण्यात वेळोवेळी निघालेत, म्हणजे वरिष्ठांनाही ते दिसतंय. खासगी मोबाइलवर फोटो काढून ठेवायचे आणि नंतर सवडीने चलान टाकायचं हा प्रकार इतका वाढला की तसं करू नका असं राज्याच्या वाहतूक पोलिसांना २०२५ मध्ये लेखी सांगावं लागलं. गाडीची किल्ली काढून घ्या असं मोटार वाहन कायद्यात कुठेही लिहिलेलं नाही तरी ती काढली जाते. नो पार्किंगचा बोर्ड फांदीमागे, सम-विषम तारखांच्या पार्किंगचे पी वन पी टू बोर्ड पुसलेले, झेब्रा क्रॉसिंग नावालाही नाही, आणि टोइंगची गाडी मात्र वेळेवर हजर. हे सगळं खरं आहे. लपून पकडणाऱ्याचा उद्देश अपघात थांबवणं हा असूच शकत नाही, कारण अपघात थांबवायचा असेल तर माणूस दिसेल असा उभा राहतो.

आणि कायदाही तेच म्हणतो. २०२१ च्या ऑगस्टमध्ये केंद्रीय मोटार वाहन नियमांत १६७ ए हा नियम आला, कॅमेऱ्याने चलान करण्यासाठीचा. दहा लाखांवर वस्ती असलेल्या शहरांत आणि धोक्याच्या ठिकाणी कॅमेरे बसवा, पण त्या टप्प्याच्या आधी पुढे कॅमेरा आहे असं ठळक दिसेल असा बोर्ड लावा, आणि गुन्ह्यानंतर पंधरा दिवसांत नोटीस पाठवा, असं त्यात आहे. त्यामुळे ‘मामा कुठे आहेत’ असं सांगणाऱ्यांवर गुन्हे नोंदवा म्हणणाऱ्या पहिल्या बाजूला माझा प्रश्न आहे की जे सांगणं कायद्याने सरकारचंच काम मानलंय ते एखाद्याने फुकटात केलं तर एवढा संताप कशाला? पुढे कॅमेरा आहे हे कळल्यावर लोक वेग कमी करत असतील तर तेच हवं होतं ना?

पण इथेच थांबता येत नाही. हा वाद पुण्यात जन्मलेला नाही, सव्वाशे वर्षांपूर्वी इंग्लंडमध्ये तो अगदी असाच झालाय. तिथे १९०३ च्या कायद्याने मोटारींना ताशी वीस मैलांची मर्यादा घातली, पोलीस झुडपांमागे स्टॉपवॉच घेऊन लपायला लागले, आणि १९०५ मध्ये मोटारमालकांनी ऑटोमोबाइल असोसिएशन नावाची संघटना काढली जिचं सुरुवातीचं मुख्य काम सभासदांना पोलिसांच्या सापळ्यांची खबर देणं हे होतं. सायकलवरची पोरं रस्त्यावर नेमली होती, ती पुढे सापळा आहे असं खुणावायची. कोर्टात गेलं प्रकरण. १९०७ मध्ये कोर्ट म्हणालं गुन्हा नाही, १९१० मध्ये म्हणालं की गाडी आधीच मर्यादेबाहेर पळत असताना इशारा दिला तर तो पोलिसांच्या कामात अडथळा आहे. मग संघटनेने शक्कल काढली. त्यांचा माणूस सभासदाची गाडी दिसली की सलाम ठोकायचा, आणि सभासदांना सांगून ठेवलेलं की ज्या दिवशी सलाम मिळणार नाही त्या दिवशी थांबून कारण विचारा. सलाम न केल्याबद्दल कुणाला शिक्षा करणार? आजचा आपला ग्रुपवरचा मेसेज आणि तो न केलेला सलाम एकाच घराण्यातले आहेत, आणि चुकवणाऱ्यांची बाजू घेणाऱ्यांना तो इतिहास आवडेल कारण त्यात पोलीस हरले. वीस मैलांची मर्यादा कुणीच पाळत नव्हतं, ती राबवणं हास्यास्पद झालं होतं, आणि १९३० मध्ये ब्रिटनने मोटारींवरची वेगमर्यादा काढूनच टाकली.

पुढचं मात्र सांगितलं जात नाही. १९३४ साली ब्रिटनच्या रस्त्यांवर ७,३४३ माणसं मेली, त्यावेळी गाड्या आजच्या मानाने मूठभर होत्या. त्याच वर्षी कायदा बदलला, वस्तीच्या भागात ताशी तीस मैलांची मर्यादा १९३५ पासून परत आली, लायसनसाठी चाचणी सक्तीची झाली. आज त्या देशात वर्षाला दोन हजारांहून कमी लोक रस्त्यावर जातात, गाड्या कितीतरी पट वाढूनही. याचा अर्थ मी असा लावतो की लपून पकडणं वाईट होतं हे खरं, पण पकडणं बंद झाल्याने रस्ता सुधारला नाही. तो सुधारला तो मर्यादा शहाणपणाच्या झाल्यावर, उघडपणे लावल्यावर आणि सगळ्यांना लागू झाल्यावर. चुकवणाऱ्यांनी पोलिसांना हरवलं, अपघाताला हरवलं नाही.

आपल्या पुणे-मुंबई एक्स्प्रेसवेवर हे आजही दिसतं. कारला सपाटीवर १०० आणि घाटात ६० ची मर्यादा, २०२४ पासून जागोजागी कमानींवर कॅमेरे. कमान आली की सगळ्यांचे ब्रेकलाइट एकदम लागतात, कमान गेली की परत एकशेवीस. मागच्या ट्रकवाल्याला काय कळणार तुम्ही का थांबलात ते? कॅमेऱ्याची जागा माहीत असणं आणि मर्यादा पाळणं यातला फरक त्या पन्नास मीटरमध्ये उघडा पडतो. आणि जिथे खरोखर माणसं मरतात, म्हणजे कात्रजच्या नव्या बोगद्यापासून नवले पुलाकडे येणारा उतार, तिथे डिझेल वाचवायला न्यूट्रलवर सोडलेला ट्रक कुठल्याही ग्रुपवरच्या मेसेजने थांबत नाही.

आता निषेधाचा मुद्दा. पुण्यात हेल्मेटसक्तीविरुद्ध कित्येक वर्षं आंदोलनं झाली, २०१९ च्या सुरुवातीला पोलिसांनी जोरात कारवाई केली तेव्हा तर मोर्चेच निघाले. मला ती भूमिका पटत नाही, पण मोर्चा काढणाऱ्यांचा एक मान मी ठेवतो की ते नाव, चेहरा घेऊन उघड्यावर आले. गल्लीतून सटकणारा मात्र स्वतःला त्यांच्यात मोजतो, ते मला मान्य नाही. याच शहराला प्लेगचं १८९७ साल आठवत असेल. इंग्रज अधिकारी रँडच्या प्लेग कमिटीने घरात घुसून झडत्या घेतल्या, त्या पद्धतीवर टिळकांनी ‘केसरी’तून कडाडून टीका केली, पण त्याच वेळी ते शहर सोडून गेले नाहीत, प्लेगचं हॉस्पिटल काढायला पुढे झाले, कारण त्यांचा राग राबवण्याच्या पद्धतीवर होता, प्लेग आवरण्यावर नव्हता. आणि गांधीजी? १९२२ च्या खटल्यात त्यांनी न्यायाधीशांसमोर आरोप कबूल करून सगळ्यात कडक शिक्षा द्या असं सांगितलं आणि सहा वर्षांची शिक्षा घेऊन आपल्या येरवड्याला आले. कायदा चुकीचा वाटतो तर तो दिवसाढवळ्या मोडायचा आणि परिणाम अंगावर घ्यायचा, त्याला सत्याग्रह म्हणतात. प्लेटवर हात ठेवणाऱ्याला कोणता कायदा बदलायचाय? त्याला फक्त आज सुटायचंय. उद्या तोच नियम, तोच मामा, तोच लपलेला बोर्ड दुसऱ्या कुणासाठी तसाच राहिला तरी त्याची हरकत नाही.

म्हणूनच चुकवणं आणि तोडपाणी ही सख्खी भावंडं आहेत असं माझं म्हणणं आहे. “साहेब, बघा ना काहीतरी”, “कशाला पावती करताय, इथेच मिटवू”, नाहीतर थेट मोबाइल पुढे करून “भाऊंशी बोला”. प्रत्येकात आपला प्रश्न आपल्यापुरता मिटतो आणि कागदावर काहीच उमटत नाही. शंभर-दोनशे देऊन सुटलेला माणूस घरी येऊन पोलीस कसे खातात हे सांगतो, पण देणारा हात कुणाचा होता ते सांगत नाही. शहरात येणाऱ्या मालावर कर घेणारे जकात नाके आठवत असतील ज्यांना, त्यांना हे वेगळं सांगायला नको. पुण्यातली जकात २०१३ च्या एप्रिलमध्ये गेली, तोवर नाका चुकवायचे आडरस्ते, नाक्यावर ‘सेटिंग’ करून देणारे, घाईत असलेल्या ट्रकवाल्याची अडवणूक, सगळं एका साखळीत चालायचं. चुकवणाऱ्यांनी ती साखळी कधीच तोडली नाही, उलट चुकवणारे आहेत म्हणून अडवणाऱ्याच्या हाताला किंमत होती. ज्याचे कागद पूर्ण आहेत, डोक्यावर हेल्मेट आहे, सिग्नल तोडलेला नाही, त्याच्याकडून चिरीमिरी काढणं पोलिसालाही जड जातं. लायसन, आरसी, इन्शुरन्स, पीयूसी डिजिलॉकर किंवा एमपरिवहन या सरकारी ॲपवर दाखवलेले चालतात, २०१८ पासून नियमातच आहे ते, त्यामुळे कागद घरी राहिले ही सबबही उरलेली नाही.

सगळ्यात अवघड मुद्दा मला पोटासाठी गाडी चालवणाऱ्या पोरांचा वाटतो. डिलिव्हरीवाला राँग साइडने येतो ते मजा म्हणून नाही, दुभाजकातल्या पुढच्या कटपर्यंत दीड किलोमीटर जाऊन वळून यायचं तर त्याची ऑर्डर उशिरा पोचते आणि पैसे कापले जातात किंवा रेटिंग पडतं, आणि एक चलान म्हणजे त्याची दिवसभराची कमाई. त्याला “नियम पाळ” म्हणून मोकळं होणं मला जमत नाही. चारचाकीतल्या माणसाचे पाचशे आणि त्याचे पाचशे एक नाहीत, हे कायदा बघतच नाही. पण चुकवून त्याचा प्रश्न सुटतो का? धोका त्याच्या अंगावर, चलान त्याच्या नावावर, आणि मिनिटं मोजणारी कंपनी नामानिराळी. तो जितका सफाईने चुकवतो तितकी कंपनीला खात्री पटते की या वेळेत पोचता येतं. एकाच कंपनीच्या पोरांना एकाच रस्त्यावर शेकड्याने चलानं होत असतील तर ती चलानं त्या कंपनीच्या दारात गेली पाहिजेत, आणि तो आकडा बाहेर यायला आधी ती नोंदली तर गेली पाहिजेत.

‘बडे सुटतात, मग आम्हीच का भरायचं?’ हे तर प्रत्येक वादाच्या शेवटी येतंच. १९ मे २०२४ च्या पहाटे कल्याणीनगरला काय झालं ते सगळ्या देशाला माहीत आहे. सतरा वर्षांचा मुलगा, पोर्शे गाडी, बाइकवरचे दोन तरुण इंजिनिअर गेले, आणि काही तासांत तीनशे शब्दांचा निबंध लिहायच्या अटीवर जामीन. नंतर रक्ताचा नमुनाच बदलल्याच्या आरोपावरून डॉक्टरांना अटक झाली. यावर संताप यायलाच हवा, मलाही अजून येतो. पण त्या गाडीचं रजिस्ट्रेशनही पूर्ण झालेलं नव्हतं, हे आठवा. कायम नंबर नसलेली, लाखात उठून दिसणारी गाडी या शहरात फिरत होती, ती त्या रात्रीच्या आधी किती चौकांतून बिनदिक्कत गेली असेल? ज्या शहरात नंबर झाकून फिरणं ही हुशारी समजली जाते तिथे बिननंबराच्या गाडीकडे कोण वळून बघणार? बडे सुटतात ते आपल्यापेक्षा वेगळं काही करून नाही. आपण शंभर रुपयांत जे करतो तेच ते लाखोंत करतात. आपल्याला सवलत आणि त्यांना शिक्षा अशी मागणी कुठल्या तोंडाने करायची? ज्या पोलिसाने स्वतः हेल्मेट घातलेलं नाही त्याला दुप्पट दंड आहे, कलम २१० बी आहे त्यासाठी, पण ते लावा म्हणायला आधी आपलं हेल्मेट डोक्यावर लागतं, कोपरात नाही.

चुकीची चलानं येतात, हेही खरं. स्कूटरच्या मालकाला सीटबेल्टचं चलान, गाडी पुण्यात आणि फोटो नागपूरचा, कुणीतरी आपला नंबर लावून फिरतोय. अशा वेळी लोक काय करतात? काहीच नाही. लोक अदालत आली की निम्म्यात मिटेल म्हणून बसून राहतात आणि बरोबर-चूक सगळी चलानं एकत्र तडजोडीत काढतात. लोक अदालतीच्या या सवलतीने सरकारने स्वतःच लोकांना शिकवलंय की वेळेवर भरणारा मूर्ख आणि थांबणारा शहाणा, आणि चुकीचं चलान कुणी केलं ते कुणाला विचारलंच जात नाही. माझं मत असं की बरोबर असेल ते पूर्ण भरावं, आणि चुकीचं असेल ते एक रुपयाही न भरता महाट्रॅफिक ॲपवर तक्रार करून, गरज पडली तर कोर्टात जाऊन रद्द करून घ्यावं, मग त्यात दोन सकाळी गेल्या तरी चालतील. रद्द झालेलं प्रत्येक चलान ही पोलिसांच्या चुकीची लेखी नोंद असते. चुकवलेल्या चलानाची नोंद कुठेच नसते.

रस्ताच धोकादायक असेल तर तो बनवणाऱ्यावर, देखभाल करणाऱ्यावर एक लाखापर्यंत दंड करायची तरतूद २०१९ च्या दुरुस्तीने आणली, कलम १९८ ए. पुण्यात या कलमाचं नाव आपण चर्चेत कधी ऐकतो? हेल्मेटवर रात्र रात्र वाद घालणाऱ्यांना हे कलम माहीतच नसतं. माहिती अधिकाराच्या अर्जाला दहा रुपये लागतात. आपल्या चौकात गेल्या वर्षी किती अपघात झाले, किती चलानं झाली, कोणत्या वेळेला झाली, इथे दोन पोलीस नेमायचं कुणी आणि कशाच्या आधारावर ठरवलं, कॅमेऱ्याच्या अलीकडे बोर्ड लावल्याची तारीख काय, आणि हा कट बंद करा किंवा उघडा असं महापालिकेला वाहतूक शाखेने कधी कळवलंय का, एवढे पाच प्रश्न पुरेत. अपघात एका चौकात आणि चलानं दुसऱ्याच, सोयीच्या चौकात असं उत्तर आलं, तर ‘वसुली’ हा शब्द वापरायला आपल्या हातात पहिल्यांदाच पुरावा असेल, आणि तो घेऊन वाहतूक शाखेच्या उपायुक्तांकडे किंवा नगरसेवकाकडे जाणाऱ्या माणसाच्या नावावर थकलेली चलानं नसतील तर त्याला परतवून लावणं त्यांना बरंच अवघड जाईल.